जुन्या गाडीचा स्टीअरिंग रॅक गळतोय? या चुका टाळा

सकाळी गाडी पुढे घेतली की खाली ताटलीएवढा लालसर डाग, आणि वळवताना बॉनेटखालून ‘घुंऽऽ’ असा रडका आवाज. जुन्या हायड्रॉलिक (ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या) पॉवर स्टीअरिंगच्या गाडीत एवढं दिसलं की बघणारा लगेच म्हणतो, रॅक (स्टीअरिंगचं फिरणं पुढच्या चाकांपर्यंत नेणारी आडवी जोडणी) गेला. पहिली चूक इथेच होते.

ऑइल गळतं एकीकडे आणि टपकतं भलतीकडे. प्रेशर पाइप, रिटर्न पाइप, पंप, ऑइलची डबी, यांतलं काहीही पाझरलं तरी ओघळ शेवटी रॅकवर येतो, कारण रॅक या सगळ्यांच्या खाली बसलेला. मी एकदा रॅक उतरवायची पूर्ण तयारी केली होती, सील किटसुद्धा (ऑइल अडवणाऱ्या रबरी कड्यांचा संच) आणून ठेवलं होतं. निघालं काय, तर रिटर्न पाइपची क्लिप सैल! स्क्रूड्रायव्हरचे दोन वेढे आणि काम संपलं. ते सील किट अजून कपाटात आहे.

म्हणून आधी सगळा भाग डीग्रीझरने धुऊन कोरडा करा. इंजिन चालू करून कोणाला तरी स्टीअरिंग दोन्हीकडे फिरवायला सांगा आणि वरून टॉर्च मारून बघा. ओलावा जिथे सगळ्यांत वर दिसेल, तिथे गळती. मात्र पाइपवरून हात फिरवून गळती शोधू नका. स्टीअरिंग टोकाला नेलं की प्रेशर पाइपात 80 ते 100 बारपर्यंत दाब चढू शकतो. एवढ्या दाबाची बारीक चिळकांडी कातडीत घुसते. पुठ्ठ्याचा तुकडा धरा, त्यावर ठिपका उमटतो.

खुद्द रॅक गळतो तो मुख्यतः दोन ठिकाणी: स्टीअरिंगचा दांडा येऊन मिळतो तिथलं पिनियन सील आणि दोन्ही टोकांची सीलं. टोकाचं सील गेलं तर ऑइल बाहेर न येता रबरी बुटात (रॅकच्या टोकावरच्या घड्यांच्या आवरणात) साठतं. बूट दाबून बघा. पाण्याची पिशवी दाबल्यासारखा डबडबला, तर निदान झालं. पण कुठल्या बाजूचं सील, ते एवढ्यावर ठरवू नका. बऱ्याच गाड्यांत दोन्ही बूट हवेच्या नळीने जोडलेले असतात, त्यामुळे डावीकडचं ऑइल उजवीकडच्या बुटातही सापडतं. बुटाची क्लिप आवळून टपकणं थांबवणारेही भेटतात. त्याने डाग थांबतो, गळती नाही.

फाटका बूट तसाच चालवणं ही त्याहून महागडी चूक. आत धूळ-पाणी जातं, रॅकच्या चकचकीत दांड्यावर गंज धरतो आणि बारीक खड्डे पडतात. मग नवीन सील टाकलं तरी ते खड्डे त्याला खरवडत राहतात. दांड्यावरून नख फिरवा. नख कुठेही अडकलं, तर सील किटचा नाद सोडा आणि पूर्ण रॅकच बदला.

ऑइलच्या बाबतीत लोक फार बिनधास्त असतात. अनेक गाड्यांना एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) चालतं, काहींना कंपनीचंच वेगळं ऑइल लागतं. डबीच्या झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, तेच घाला. ब्रेक ऑइल चुकूनही नको, त्याने सीलं फुगून मऊ पडतात. गळती थांबवणारी जी बाटली मिळते, तीही रबर फुगवूनच काम करते. सुकून आखडलेल्या सीलवर काही दिवस निभतं, फाटलेल्या सीलवर नाही. मला विचाराल तर ती बाटली म्हणजे दुरुस्तीची तारीख पुढे ढकलणं.

तोवर गाडी वापरायचीच असेल तर डबीतली पातळी रोज बघा. पंपाला वंगण याच ऑइलचं. डबी कोरडी पडली की पंप घासतो, त्याचा धातूचा चुरा ऑइलमधून फिरतो आणि नवा रॅकही खराब करतो. तसं झालं असेल तर आधी सिस्टिम फ्लश करा (जुनं ऑइल काढून आतून धुवा) आणि डबीतली जाळी तपासा. स्टीअरिंग टोकाला नेऊन पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नका. ऑइल गरम सायलेन्सर पाइपवर पडत असेल, तर गाडी काढूच नका. पेट घ्यायला तेवढं पुरतं.

रॅक बदलताना सगळ्यांत जास्त पस्तावतात ते स्टीअरिंग मोकळं सोडणारे. चाकं सरळ करा, स्टीअरिंग लॉक करा किंवा सीटबेल्टने बांधून ठेवा. स्टीअरिंगचा दांडा रॅकपासून सुटल्यावर ते गरगरलं, तर एअरबॅगची क्लॉक स्प्रिंग (स्टीअरिंगमधली गुंडाळलेली वायरची पट्टी) तुटते. जुना टाय रॉड एंड (रॅक चाकाला जोडणारा टोकाचा सांधा) काढताना किती आटे फिरले ते मोजून ठेवा, म्हणजे अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत गाडी निदान सरळ जाईल. पाइपांच्या जोडाचे वॉशर नवेच घाला.

शेवटी हवा काढणं. इथे घाईत लगेच स्टार्टर मारतात. पुढची चाकं उचलून स्टँडवर ठेवा आणि इंजिन बंद ठेवूनच स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश पंधरा-वीस वेळा फिरवा, मधेमधे ऑइल भरत. बुडबुडे थांबले की मगच इंजिन चालू करा. तरीही ऑइल दुधाळ, फेसाळ दिसलं तर आत अजून हवा आहे. इंजिन बंद करून तासभर तसंच राहू द्या आणि पुन्हा फिरवा.