शून्य आकाराची झिप फाईल

२००५ साली डिप्लोमा पूर्ण करून मी वेंगुर्ल्यातील एका काजू कारखान्याच्या कार्यालयात संगणक सांभाळू लागलो, तेव्हा अँटीव्हायरसने ‘धोका नाही’ म्हटले की विषय संपला, अशी माझी समजूत होती. बिलाच्या नावाने आलेली एक झिप फाईल हिशेबनीस काकांनी मी तपासून दिल्यावरच उघडली आणि तासाभरात आमच्या पत्त्यावरून व्यापाऱ्यांना तशाच ईमेल जाऊ लागल्या.

त्या रात्री नेटवर्कपासून तोडलेल्या संगणकावर ती फाईल मी हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाईलचे बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, पाहिली. सुरुवातीलाच ‘पी’ आणि ‘के’ ही अक्षरे होती. झिप प्रकार घडवणाऱ्या फिल कॅट्झ यांची ती आद्याक्षरे. झिपमध्ये आतल्या प्रत्येक फाईलची नोंद दोनदा असते: तिच्या मजकुराआधी लोकल हेडर नावाच्या नोंदीत आणि झिपच्या अखेरीस सेंट्रल डिरेक्टरी या एकत्रित यादीत. इथे दोन्हीकडे मूळ आकाराच्या, म्हणजे दाबण्याआधीच्या आकाराच्या, चार बाइटांत शून्य होते. स्कॅनरने त्या शून्यावर विसंबून तपासण्यासारखे काही नाही असे ठरवले. उघडणाऱ्या प्रोग्रामने मात्र तो आकडा न जुमानता मजकूर पूर्ण सोडवला, कारण झिपमध्ये मजकूर दाबून लहान करण्याच्या डिफ्लेट पद्धतीत मजकूर कुठे संपतो याची खूण मजकुरातच असते. अनेक नामांकित अँटीव्हायरसमधील हा दोष ऑक्टोबर २००४ मध्येच जाहीर झाला होता. आम्ही व्हायरसची यादी रोज अद्ययावत करत होतो, फाईली उघडून तपासणारा अँटीव्हायरसचा मूळ भाग, म्हणजे इंजिन, मात्र जुनेच होते. काका एवढेच म्हणाले, “डब्यार शून्य लिवलेला आसला तरी डबो उचलून बघूचो लागता मा?”

मी उत्साहाने लोकल हेडरमध्ये शून्य असलेली प्रत्येक झिप अडवणारा नियम लिहिला आणि दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईकांच्या निर्दोष फाईलीही अडकल्या. झिप लिहीत असताना आकार आधी ठाऊक नसेल, तर लोकल हेडरमध्ये शून्य ठेवून खरा आकार मजकुरानंतर नोंदवण्याची मुभा त्या फॉरमॅटमध्येच आहे, हे मी वाचलेच नव्हते. या क्षेत्रात येणाऱ्यांनी साधने शिकण्याआधी एका तरी फॉरमॅटचे मूळ वर्णन वाचावे, असे मी आग्रहाने सांगतो.

सरावासाठी खरा व्हायरस लागत नाही. आयकार ही ६८ बाइटांची निरुपद्रवी, पण अँटीव्हायरस चाचणीसाठी मुद्दाम व्हायरससारखी पकडतात अशी फाईल झिप करावी, स्वतःच्याच संगणकावर आकाराचे बाइट बदलावेत आणि स्कॅनर काय सांगतो ते पाहावे. तो ‘स्वच्छ’ म्हणतो की ‘तपासता आली नाही’, हे नीट वाचावे; दुसरे उत्तर आल्यास फाईल पुढे न जाऊ देण्याची सोय बहुधा सेटिंगमध्ये असते आणि आमच्याकडे ती बंद होती.