सुरांमधलं अंतर आणि एक लांबलचक शब्द

म्यूझस्कोअर या स्वरलिपी लिहायच्या प्रोग्राममध्ये गाणं लिहिताना एकच माप (दोन उभ्या रेषांमधला सुरांचा कप्पा) भलतंच रुंद झालं, शेजारची मापं दाटीवाटीत. मी आधी मापं निवडून { दाबत त्यांचा ताण, म्हणजे रुंदीचा पसारा, कमी केला. काही हललं नाही. मग स्टाईल सेटिंगमधलं स्पेसिंगचं (सुरांमधल्या अंतराचं) गुणोत्तर कमी केलं, तर सगळं पानच आवळलं गेलं! ते आधी पूर्ववत केलं.

खरी खोट माझ्याच टायपिंगमध्ये होती. पाच अक्षरांचा अख्खा शब्द मी एकाच सुराखाली कोंबला होता, आणि शब्द एकमेकांवर चढू नयेत म्हणून प्रोग्राम सूर लांब सारत होता. शब्द तोडून, प्रत्येक तुकड्यानंतर स्पेसऐवजी हायफन दाबत पुढच्या सुरांवर वाटला. माप लगेच आक्रसलं. सुरांची ओळ मात्र मापरेषा (दोन मापांमधली उभी रेघ) निवडून एंटरनेच तोडली.