देवमाशांच्या निरीक्षणासाठी निधी: मागताना आणि देताना या चुका टाळा

संकटग्रस्त देवमाशांवरील संशोधनाच्या प्रस्तावांत एक चूक इतक्या वेळा आढळते की तिच्यापासूनच सुरुवात करणे बरे. मागितलेल्या रकमेतला मोठा वाटा बोट, ड्रोन आणि ध्वनिमुद्रक यांवर जातो. त्यांनी गोळा केलेली माहिती महिनोन् महिने तपासत बसणाऱ्या माणसाच्या मानधनाची ओळ मात्र अंदाजपत्रकात नसते, किंवा शेवटी कशीबशी जोडलेली असते. निधी देणाऱ्यांनाही हे खटकत नाही, कारण ड्रोनचे छायाचित्र अहवालाच्या मुखपृष्ठावर शोभते आणि संगणकासमोर बसलेल्या विश्लेषकाचे शोभत नाही.

या चुकीचा आकार आकड्यांत पाहावा. समुद्रतळावर ठेवलेला ध्वनिमुद्रक सेकंदाला ध्वनीचे 96,000 नमुने या दराने, 16 बिटमध्ये, एकाच हायड्रोफोनवरून (पाण्याखालच्या मायक्रोफोनवरून) अखंड चालला, तर दिवसाला सुमारे साडेसोळा गिगाबाइट आणि सहा महिन्यांत जवळपास 3 टेराबाइट ध्वनी साठतो. तो सगळा कानांनी ऐकणे शक्य नसते, म्हणून संगणकाकडून साद शोधून घेतली जाते. पण नांगराच्या साखळीचा खडखडाट किंवा बोटीच्या इंजिनाची घरघरही संगणक देवमाशाच्या खात्यात टाकतो, आणि ते निस्तरायला अनुभवी माणूसच लागतो. पैसे संपल्यामुळे अशा हार्ड डिस्क कपाटात पडून असतील, तर सगळेच तपासण्याचा हट्ट सोडावा. प्रत्येक तासातील ठरावीक मिनिटे निवडावीत, स्थलांतराच्या आणि विणीच्या महिन्यांपासून सुरुवात करावी, आणि उरलेला मूळ ध्वनी पुढच्या अभ्यासकाला वापरता येईल अशा रीतीने जपून ठेवावा.

उपकरण निवडतानाही घाई नडते. निळ्या देवमाशाची साद बहुतांशी 100 हर्ट्झच्या खाली असते, तर चोचदार देवमाशांचे टकटक आवाज 20 ते 50 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असतात. आणि जो आवाज टिपायचा आहे त्याच्या वारंवारतेच्या दुपटीहून अधिक दराने नमुने घ्यावे लागतात. सेकंदाला 2,000 नमुने घेणारे यंत्र निळ्या देवमाशासाठी पुरेसे ठरेल, पण चोचदार देवमासे अगदी शेजारून गेले तरी त्याला त्यांचा पत्ता लागणार नाही. ‘कोणत्या प्रजातीसाठी?’ हा प्रश्न खरेदीच्या आधी विचारलेला असावा. शक्य असल्यास एका महागड्या यंत्राऐवजी दोन साधी यंत्रे घ्यावीत. मासेमारीच्या जाळ्यात एखादे ओढले जाते, एखादे त्याला तळावरच्या वजनापासून मोकळे करणारी सोडवणूक-यंत्रणा अडकल्यामुळे वर येतच नाही, आणि मग अख्खा हंगाम हातचा जातो.

अहवालात ‘देवमासे आढळले नाहीत’ असे आले, तर निष्कर्षापूर्वी तो अहवाल उलटसुलट तपासावा. किती तास निरीक्षण झाले, लाटा किती होत्या, पाण्यावर उन्हाची तिरीप होती का, बोट कोणत्या रेषेने गेली? स्पर्म व्हेल एका बुडीत पाऊण तास सहज पाण्याखाली राहतो, आणि कुव्हिअरच्या चोचदार देवमाशाची 222 मिनिटांची बुडी नोंदली गेली आहे. एवढ्या वेळात सर्वेक्षणाचे विमान तो पट्टा ओलांडून केव्हाच पुढे गेलेले असते. म्हणून काहीही न दिसलेल्या दिवसांचे तास आणि मार्गही नोंदवावेत, अशी अट अनुदानाच्या करारातच असावी. त्या नोंदींविना ‘शून्य’ या आकड्याला अर्थ उरत नाही.

दोन वर्षांचे अनुदान देऊन संख्येचा कल मागणे ही निधी देणाऱ्यांची खास चूक. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने अमेरिकेतील सागरी सस्तन प्राण्यांच्या सर्वेक्षणांचा ताळेबंद मांडला. मोठ्या देवमाशांची संख्या 15 वर्षांत निम्म्यावर आली, तरी त्या वेळच्या सर्वेक्षणांच्या वारंवारतेने आणि अचूकतेने अशा 72 टक्के घसरणी लक्षातही आल्या नसत्या, असे त्यातून दिसले. याउलट उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील ‘सदर्न रेसिडेंट’ ओर्कांची (किलर व्हेलच्या एका समूहाची) छायाचित्रांवरून होणारी गणना 1976 पासून चालू आहे, म्हणूनच 80 पेक्षाही कमी उरलेल्या त्या समूहात कोण जन्मले आणि कोण नाहीसे झाले हे नेमके सांगता येते. एक मोठी रक्कम एकदाच देण्यापेक्षा तीच रक्कम दहा वर्षांत विभागून देणे मला अधिक शहाणपणाचे वाटते, जरी त्यात उद्घाटनाचा सोहळा होत नसला तरी.

अधिवासाची आखणी एकदा नकाशावर केली की ती कायमची, हा समज मात्र महागात पडतो. उत्तर अटलांटिक राइट व्हेलचे मुख्य खाद्य असलेले सूक्ष्म कवचधारी जीव तापत्या पाण्यामुळे अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्याजवळील मेनच्या आखातात कमी झाले, तसे 2010 नंतर हे देवमासे उत्तरेकडे कॅनडातील सेंट लॉरेन्सच्या आखाताकडे वळले. जहाजांच्या वेगावरची आणि जाळ्यांवरची बंधने तेव्हा जुन्या ठिकाणांभोवती होती. 2017 मध्ये 17 राइट व्हेल मृत आढळले, त्यांतील 12 कॅनडाच्या पाण्यात. काहींना जहाजांची धडक बसली होती, काही दोरांत अडकले होते. आज या प्रजातीचे जेमतेम 380 च्या आसपास प्राणी उरले आहेत. त्यामुळे प्रस्तावात भक्ष्याचे मोजमाप हवे, आणि प्राणी दुसरीकडे सरकले तर सर्वेक्षणाची जागा बदलण्याची मुभा करारात हवी. ‘सदर्न रेसिडेंट’ ओर्कांच्या बाबतीत तर हे भक्ष्य मुख्यतः चिनूक सॅमन आहे, आणि तो मासा नद्यांमध्ये अंडी घालतो. म्हणजे किनारी अधिवासाच्या अभ्यासाला नदीपासूनच सुरुवात करावी लागते.

किनाऱ्याला लागलेल्या मृत देवमाशासाठी वेगळी, लगेच वापरता येणारी रक्कम राखून ठेवावी. जाड चरबीमुळे शरीरातील उष्णता आतच कोंडते आणि अवयव झपाट्याने कुजतात, त्यामुळे मंजुरीच्या पत्राची वाट पाहत बसल्यास मृत्यूचे कारण हाती लागत नाही. नमुने घेण्याचे आणि जवळून ड्रोन उडवण्याचे परवाने मिळायलाही अनेक महिने लागतात. अर्ज निधी मिळाल्यावर केला, तर पहिला हंगाम कागदांतच जातो.

शेवटची तपासणी माहितीच्या प्रवासाची. तळाशी ठेवलेला ध्वनिमुद्रक सहा महिन्यांनी वर काढला जातो. तो अनेक वर्षांचा कल सांगतो, पण आज त्या पाण्यातून जाणाऱ्या जहाजाला वेग 10 नॉटवर आणायला सांगू शकत नाही. त्यासाठी साद ऐकताच उपग्रहामार्फत कळवणारे तरंगते बोये लागतात, आणि त्यांचा खर्च निराळा असतो. दोहोंपैकी काय हवे आहे आणि ती माहिती कोणाच्या हाती किती तासांत पोहोचणार आहे, हे प्रस्तावात लिहिलेले नसेल, तर परीक्षकाने रकमेची चर्चा थांबवून आधी तेवढे लिहून मागावे.