नागपुरात बसून नैरोबीच्या वस्तीसाठी जलसंजीवनीचं पोस्टर करताना

परदेशातल्या गरीब वस्तीसाठी काही करायचं म्हटलं की डिझायनरच्या हातून आधी लोगो होतो, मग टी-शर्ट. दवाखान्याच्या भिंतीवर लावायला एक धड पोस्टर त्याहून जास्त कामाचं. इथे उदाहरण घेतलंय नैरोबीतल्या किबेरासारख्या दाट वस्तीचं, आणि जुलाब झालेल्या मुलाला काय पाजायचं याचं.

रेघ ओढण्याआधी मजकूर पक्का करा. जलसंजीवनीचं, म्हणजे ओआरएसचं, पाकीट मिळत असेल तर पाकीटच दाखवा. 20.5 ग्रॅमचं प्रमाणित पाकीट 1 लिटर पाण्यासाठी असतं, पण 200 मिलीची छोटी पाकिटंही असतात, म्हणून तिथे कोणतं वाटतात ते विचारा. पाकीट नसेल तेव्हाचं घरगुती प्रमाण असं: 1 लिटर स्वच्छ पाणी, 6 सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चहाचा चमचा मीठ. मीठ जास्त पडलं तर रक्तातलं सोडियम वाढून मुलाला झटके येऊ शकतात. म्हणजे अख्खं पोस्टर त्या अर्ध्या चमच्यावर उभं आहे. शेवटचा मजकूर तिथल्या आरोग्य कर्मचाऱ्याकडून लेखी मंजूर करून घ्या. देशागणिक सूचना बदलतात.

आता तो चमचा. वरून काढला तर सपाट आहे की शिगोशीग, काहीच कळत नाही, म्हणून बाजूने काढा. अर्धा चमचा म्हणजे अर्ध्या खोलीचा की अर्ध्या लांबीचा, हा गोंधळ ठरलेला. त्यावर दोन चौकटी: पहिलीत चमचा भरून सुरीच्या पात्याने वरचं मीठ सपाट केलंय, दुसरीत त्यातलं निम्मं सुरीनेच बाजूला सारलंय. लिटरचंही तसंच. मापाचं भांडं कुणाच्या घरी असतं? अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या दाखवा.

भांडी, चूल, पाण्याचे कॅन यांचे पंधरा-वीस फोटो तिथून मागवा, चेहरे नकोत. केनियात सुफुरिया नावाचं बिनकानाचं ॲल्युमिनियमचं पातेलं सर्रास असतं, आपल्या नागपुरी गंजाचं भावंडच म्हणा. ते काढलं की चित्र घरचं वाटतं, स्टीलचा तांब्या काढला की परकं. फाटके कपडे आणि रडकी तोंडं काढू नका. आई नीटनेटकी, मूल मांडीवर, एवढं पुरे.

ठरलेल्या चुका अशा. माशी तळहाताएवढी काढली की लोक म्हणतात, आमच्याकडे एवढ्या माश्या नसतात. मनगटापासून तुटलेला हात बघून अपघात वाटतो, म्हणून निदान खांदा तरी दिसू द्या. फुलीचा अर्थ ‘करू नका’ हा शाळेत शिकलेला असतो, सगळ्यांना तो कळेलच असं नाही. आणि औषधाची खूण म्हणून पांढऱ्यावर लाल क्रॉस टाकू नका. ते चिन्ह जिनिव्हा करारांनी संरक्षित आहे.

कच्चं चित्र आधी नागपुरातच, सकाळी मजुरांच्या ठिय्यावर दाखवा. ढोबळ चुका इथेच सापडतात, पण ही चाचणी तिथल्या चाचणीची जागा घेत नाही. तिथे दहा जणांना एकेकटं दाखवायला सांगा. घोळक्यात एक बोलतो, बाकीचे माना डोलावतात. ‘समजलं का?’ विचारलं तर सगळे हो म्हणतील. ‘काय दिसतंय?’ विचारा, आणि शेवटी मीठ, साखर, चमचा हातात देऊन पोस्टरप्रमाणे करायला लावा. दोघांनी जरी मीठ चुकवलं तरी ती चौकट पुन्हा काढा.

फाइल ए3, म्हणजे 297 × 420 मिमी, चारही बाजूंना 3 मिमी ब्लीड, म्हणजे छपाईनंतर कापून टाकायचा जादा भाग. रेघ 1 पॉइंटहून बारीक नको. अक्षरं फक्त काळ्या शाईत ठेवा. चार रंगांच्या शाया मिसळून काळा केला तर छपाईची प्लेट जरा सरकली तरी अक्षराला सावली येते. मग झेरॉक्सची झेरॉक्स, अशी तीनदा काढा, कारण दवाखाना तेच करणार आहे. लाल आणि हिरवा दोन्ही एकाच राखाडीत जातात, तेव्हा बरोबर-चूक रंगाने नव्हे, आकाराने दाखवा.

मजकूर वेगळ्या लेयरवर, बदलता येईल असा ठेवा. स्वाहिलीत साखर म्हणजे सुकारी, ओळखीचं वाटतं. मीठ मात्र चुम्वी. भाषांतर तिथल्याच माणसाकडून घ्या. फॉन्ट नोटोसारखा मुक्त परवान्याचा निवडा, म्हणजे तिकडच्या संगणकावर फाइल उघडताना अडचण नाही.

छापील गठ्ठे पाठवू नका. टपालखर्च, जकात, आणि एक अक्षर चुकलं की सगळा गठ्ठा रद्दी. फाइल पाठवा, छपाई नैरोबीतच होऊ द्या. व्हॉट्सॲपवर पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून, फोटो म्हणून गेली की दबते. इथे नमुना छापताना मे महिन्यात कागद कूलरसमोर ठेवू नका, ओल धरून लाटा येतात.

पैशांचं थोडक्यात: परदेशी संस्थेला थेट दिलेल्या देणगीवर आयकरात सवलत मिळत नाही. हक्कांसाठी क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे इतरांना फुकट वापरू देणारा, परवाना लावा. ‘अव्यावसायिक’ ही अट शक्यतो टाळा, नाहीतर फी घेणारा छोटा दवाखाना पोस्टर लावायला बिचकतो.

खालच्या कोपऱ्यात आवृत्तीचा आकडा आणि महिना छापा. चूक सुधारल्यावर भिंतीवरचं कोणतं पोस्टर काढायचं, ते नर्सला त्यावरूनच कळतं.