सिमेंटचा पत्रा उतरवताना: ॲस्बेस्टॉसच्या कामात या चुका टाळा

मे महिना उजाडला की औद्योगिक वसाहतींतल्या जुन्या शेडांवर पत्रे बदलण्याची घाई सुरू होते आणि पहिली चूक तिथेच, बोलण्यातच, होऊन बसते. ज्याला आपण सगळे ‘सिमेंटचा पत्रा’ म्हणतो, त्यात वजनाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतका पांढरा ॲस्बेस्टॉस, म्हणजे क्रिसोटाइल हे तंतुमय खनिज, असतो. पत्रा धड असेपर्यंत त्याचे तंतू सिमेंटमध्ये जखडलेले राहतात. तो कापला, घासला, फोडला किंवा वर्षानुवर्षांच्या ऊन-पावसाने त्याचा पृष्ठभाग भुसभुशीत झाला, की ते मोकळे होतात. हा माल आजही दुकानात उघडपणे मिळतो, मग तो धोक्याचा कसा, असे काही व्यवस्थापक विचारतात. ब्रिटनने १९९९ मध्ये त्यावर बंदी घातली, साठांहून अधिक देशांनी तेच केले आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था ॲस्बेस्टॉसच्या सर्व प्रकारांना कर्करोगकारक मानते, एवढे उत्तर पुरेसे आहे. श्वासातून आत गेलेल्या तंतूंचा आजार बहुधा दहा ते चाळीस वर्षांनी प्रकट होतो. त्यामुळे ‘आम्ही इतकी वर्षे कापतोय, काही झाले नाही’ हा अनुभवी कारागिराचा दाखला येथे निरुपयोगी ठरतो.

दुसरी चूक डोळ्यांवर विसंबण्याची. ॲस्बेस्टॉसविरहित नवे पत्रेही तसेच राखाडी आणि पन्हळी दिसतात. उलट बॉयलरभोवतीचा दोर, गरम पाइपांवरचे जुने आवरण, गॅस्केट आणि सिमेंटचे जुने पाइप यांत ॲस्बेस्टॉस असू शकतो, हे कोणाच्या ध्यानीमनीही नसते. नमुना प्रयोगशाळेत तपासून निर्वाळा मिळेपर्यंत संशयित वस्तू ॲस्बेस्टॉसचीच आहे असे धरून चालावे. अशा वस्तू कोठे आहेत आणि कोणत्या अवस्थेत आहेत याची नोंदवही अनेक ठिकाणी असतेही, पण ती कार्यालयाच्या कपाटात आणि भोक पाडणारा प्लंबर छतावर, अशी स्थिती असते. ठेकेदाराने दर देण्यापूर्वीच ती त्याला दाखवली पाहिजे.

सर्वाधिक धूळ उडते ती ग्राइंडरने कोरडा पत्रा कापताना. त्याखालोखाल, गंजलेला बोल्ट सुटत नाही म्हणून पत्र्यावरच हातोडा घातला जातो तेव्हा. योग्य रीत संथ आहे: थोडा साबण मिसळलेले पाणी हलक्या फवाऱ्याने मारून पत्रा ओला ठेवायचा, बोल्ट कटरने तोडायचा आणि पत्रा अखंड, हातोहात खाली घ्यायचा, वरून टाकायचा नाही. शेवाळ काढण्यासाठी जोरदार दाबाच्या पाण्याचा मारा केला जातो, तोही टाळावा, कारण त्याने पृष्ठभागच खरवडला जातो. ओला पत्रा निसरडा होतो आणि जुना पत्रा माणसाचे वजन पेलत नाही, हे धुळीच्या चर्चेत विसरले जाते. पत्र्यावर पाय न देता आधारांवर टाकलेल्या फळ्यांवरून काम करणे, खाली जाळी बांधणे आणि शेड रिकामी ठेवणे हा याच नियमांचा भाग आहे.

तोंडाला बांधलेला रुमाल किंवा दवाखान्यातला मास्क हे तंतू अडवत नाही. अतिसूक्ष्म धूळ अडवणारा, एफएफपी-३ दर्जाचा किंवा पी-३ गाळणीचा मास्क लागतो आणि तोही चेहऱ्याला घट्ट बसला तरच उपयोगी. दाढीचे खुंट असतील तर तो नीट बसत नाही. काम संपल्यावर घाम आला म्हणून आधी मास्क काढला जातो, मग धुळीचे कपडे झटकले जातात. क्रम नेमका उलटा हवा: कपडे ओल्या फडक्याने पुसून उतरवावेत, मास्क सर्वांत शेवटी काढावा. ते कपडे घरी धुवायला नेऊ नयेत, कारण पतीचे कामाचे कपडे धुणाऱ्या स्त्रियांनाही फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग झाल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत.

पत्रा फुटलाच तर प्रथम काम थांबवावे, पंखे बंद करावेत आणि इतरांना दूर करावे. झाडू, हवेची नळी आणि घरगुती व्हॅक्यूम ही तिन्ही साधने बसलेली धूळ पुन्हा हवेत पाठवतात. तुकडे भिजवून हाताने उचलावेत, बारीक धूळ ओल्या फडक्याने टिपावी आणि फडकेही तुकड्यांसोबत जाड प्लॅस्टिकच्या दुहेरी पिशवीत बंद करावे.

यानंतरची चूक विल्हेवाटीची: उतरवलेला माल भंगारात, रस्त्याच्या भरावात किंवा कोणाच्या तरी गोठ्यावर पोहोचतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड किनाऱ्यावर असंख्य छपरांचे पत्रे फुटले. आवराआवर करणाऱ्यांना त्यात ॲस्बेस्टॉस आहे हे सांगायला कोण होते? घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत टाकून दिलेल्या ॲस्बेस्टॉसचा उल्लेख आहे, आणि तळोजा, रांजणगाव येथे अशा कचऱ्याची सामायिक विल्हेवाट केंद्रे आहेत. कारखान्याने काम सुरू करण्यापूर्वीच केंद्राशी बोलून वाहतूक ठरवावी, पत्रे आवारात रचल्यावर नव्हे.

राहिली कागदपत्रांची चूक, जी सर्वांत उशिरा उघड होते. सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ च्या निकालात ॲस्बेस्टॉस उद्योगांना प्रत्येक कामगाराची आरोग्य-नोंद नोकरीच्या आरंभापासून चाळीस वर्षे किंवा नोकरी सुटल्यापासून पंधरा वर्षे, यांपैकी जो काळ नंतर संपेल तोवर, जपण्यास सांगितले. पत्रे उतरवायला चार दिवस आलेल्या ठेकेदाराच्या माणसांची मात्र गेटवरच्या वहीपलीकडे नोंद नसते आणि ती वहीही वर्षअखेरीस रद्दीत जाते. त्यांची पूर्ण नावे, कामाच्या तारखा, तास आणि वापरलेल्या मास्कचा प्रकार कारखान्याने स्वतःच्या दप्तरात लिहून ठेवावा आणि त्याची एक प्रत कामगाराच्याही हाती द्यावी.