हेअर ट्रान्सप्लांटनंतर काय करायचं: पहिले १० दिवस, पहिलं वर्ष आणि त्यापुढची औषधं

हेअर ट्रान्सप्लांटने टक्कल पडणं थांबत नाही. डोक्याच्या मागच्या भागातल्या केसांवर डीएचटी या हार्मोनचा फारसा परिणाम होत नाही. तिथली मुळं काढून पुढे लावली की ती नव्या जागीही तशीच तग धरतात. पण त्यांच्या आजूबाजूचे तुमचे मूळचे केस डीएचटीमुळे बारीक होत गळतच राहतात. म्हणून ऑपरेशननंतर दोन कामं उरतात: आधी लावलेले ग्राफ्ट (म्हणजे पुढे लावलेली केसांची मुळं) जपायचे, मग उरलेले केस. पहिलं काम दहा-बारा दिवसांचं आहे, दुसरं कायमचं.

पहिले ३ दिवस

ग्राफ्ट या काळात नुसता छिद्रात बसलेला असतो, धरलेला नसतो. डॉक्टरांनी दिलेला सलाइनचा (निर्जंतुक मीठपाण्याचा) स्प्रे जागे असताना दर अर्ध्या-एक तासाने, साधारण वीतभर अंतरावरून मारा. डोकं ओलसर राहिलं की खपल्या जाड होत नाहीत.

झोपताना पाठीमागे दोन-तीन उशा लावून सुमारे ४५ अंशांत उताणं झोपा. कूस बदलू नये म्हणून मानेला प्रवासी उशी लावा. असं चार-पाच रात्री करा. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी कपाळावर सूज येते आणि कधी डोळ्यांपर्यंत उतरते. दिसायला भयंकर, पण बहुतेक वेळा निरुपद्रवी. बर्फ शेकायचा तर फक्त कपाळावर, ग्राफ्टवर कधीच नाही.

ग्राफ्ट निघतात ते बहुधा धक्क्याने: गाडीत बसताना दाराची चौकट लागते, कपाटाचं उघडं दार लागतं, गळ्यातून टी-शर्ट ओढला जातो. म्हणून बटणांचे शर्ट घाला. खाली वाकू नका, चपला बसून घाला.

एखाद्या ठिकाणी रक्त आलं तर सलाइनने ओला केलेला गॉज १० मिनिटं हलक्या हाताने दाबून धरा. पुसायचं नाही. ग्राफ्ट बाहेर आलाच तर स्वतः आत ढकलू नका. सलाइनमध्ये ठेवून लगेच क्लिनिकला फोन करा.

दुखणं कमी करण्यासाठी लिहून दिलेलीच गोळी घ्या. अ‍ॅस्पिरिनने रक्त वाहू शकतं, ती मनाने घेऊ नका. मात्र हृदयासाठी रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर तेही मनाने बंद करायचं नाही. सिगारेट आणि दारू किमान दोन आठवडे बंद. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि नव्या मुळांना नेमकं रक्तच कमी पडतं.

डोकं धुण्याची पद्धत

पहिली धुलाई साधारण २४ ते ४८ तासांनी, बहुतेकदा क्लिनिकमध्येच होते. त्यानंतर रोज एकदा घरी:

१. कोमट पाणी मगाने, डोक्याच्या अगदी जवळून हळूहळू ओता. शॉवरची धार दोन आठवडे नको.
२. सौम्य शाम्पूचा तळहातावर फेस करा. बोटं न फिरवता तो फेस ग्राफ्टवर थोपटून ठेवा, ३ ते ५ मिनिटं.
३. पुन्हा मगाने पाणी ओतून फेस काढा.
४. मागचा भाग बोटांनी हलके चोळला तरी चालतो. पुढचा भाग आपोआप वाळू द्या. टॉवेल आणि गरम ड्रायर दोन्ही दूर.

सातव्या-आठव्या दिवसापासून, डॉक्टरांनी होकार दिल्यावर, फेस १० मिनिटं ठेवा आणि बोटांच्या टोकांनी, नखं न लावता, गोल फिरवत खपल्या सोडवा. साधारण दहाव्या दिवसापर्यंत ग्राफ्ट पक्का धरलेला असतो. खपलीसोबत केस आला आणि रक्त आलं नाही, तर मूळ आतच आहे. भीतीने खपल्या तीन-तीन आठवडे ठेवणारे बरेच असतात. त्यातून खाज आणि पुळ्या एवढंच मिळतं. १४ दिवसांत डोकं साफ दिसायला हवं.

चालणं चार-पाच दिवसांत सुरू करा. जिम आणि पोहणं महिन्याने. मागून त्वचेची पट्टी कापली असेल तर टाके १० ते १४ दिवसांनी निघतात, आणि वजनं उचलायला आणखी काही आठवडे थांबा, नाहीतर व्रण रुंद होतो.

वाढत जाणारी लाली, पू, ताप किंवा त्वचेचा काळा पडत चाललेला तुकडा दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

मग केस गळतात

दोन ते आठ आठवड्यांच्या दरम्यान लावलेले बहुतेक केस गळून पडतात. ऑपरेशन फसलं असं वाटण्याची हीच वेळ. मूळ आत शाबूत असतं, ते विश्रांतीत गेलेलं असतं. कधी शेजारचे जुने केसही ऑपरेशनच्या धक्क्याने गळतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात नवे केस फुटतात, आधी बारीक आणि वेडेवाकडे. सहाव्या महिन्यात फरक दिसतो, निकाल मात्र १२ महिन्यांनी मोजायचा. टाळूच्या भोवऱ्याला १८ महिनेही लागतात. दर महिन्याला एकाच प्रकाशात, एकाच कोनातून फोटो काढा. आरशावर विसंबू नका.

उरलेले केस वाचवणारी औषधं

फिनास्टेराइड १ मिग्रॅ, रोज एक गोळी. टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी बनवणारं एन्झाइम ती रोखते. परिणाम पाहायला सहा महिने ते वर्ष द्या. काही पुरुषांत कामेच्छा कमी होणं, ताठरतेची अडचण किंवा मन उदास होणं दिसतं; तसं झालं तर लपवू नका, डॉक्टरांना सांगा. या गोळीने प्रोस्टेट ग्रंथीच्या पीएसए या रक्तचाचणीचा आकडा निम्म्यापर्यंत खाली येतो, म्हणून चाचणीआधी गोळी चालू असल्याचं सांगा. गर्भवती स्त्रीने तुटलेली गोळी हाताळू नये.

मिनॉक्सिडिल ५ टक्के, १ मिली, दिवसातून दोनदा, कोरड्या त्वचेवर. केसांवर नव्हे, त्वचेवर; इथेच निम्मं औषध वाया जातं. नंतर चार तास डोकं ओलं करू नका. सुरुवातीचे काही आठवडे गळती वाढू शकते, ती सहसा तात्पुरती असते. ऑपरेशननंतर खपल्या पूर्ण गेल्यावर आणि डॉक्टरांनी सांगितल्यावरच लावा. घरात मांजर असेल तर विशेष जपा. थोडंसं मिनॉक्सिडिलही तिच्या जिवावर बेतू शकतं.

दोन्ही औषधं बंद केली की मिळालेला फायदा काही महिन्यांत ओसरतो. पीआरपी (स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट्सचं डोक्यात इंजेक्शन) आणि लेझर टोपी यांचा उपयोग काहींना होतो, पण औषधांच्या जोडीला. मुख्य उपाय म्हणून नाही. बायोटिनची गोळी बायोटिनची कमतरता नसताना टक्कल थांबवत नाही, उलट थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या रक्ततपासण्यांचे निकाल चुकवू शकते.

दुसऱ्या ट्रान्सप्लांटचा विचार पहिल्याचा वर्षभराचा निकाल हाती आल्यावरच करा. मागचा साठा मर्यादित असतो आणि काढलेलं मूळ तिथे पुन्हा उगवत नाही. विशीतच कपाळाची रेषा खूप खाली आणून घेतली आणि औषधही घेतलं नाही, तर पुढे भोवरा झाकायला ग्राफ्टच शिल्लक राहत नाहीत.