मिशनच्या गावात पहिलं वर्ष

वसईहून श्रीरामपूरच्या बाजूला नोकरीला निघालो तेव्हा माझ्याजवळ एक गिटार, तोंडपाठ असलेली तीसेक गायनं आणि धर्मशिक्षणाचे वर्ग घेतल्याचा चार वर्षांचा अनुभव होता. नेमणूक मिशनच्या शाळेत शिक्षक म्हणून होती. बोर्डिंगातल्या मुलांना धर्मशिक्षण देणं आणि चर्चमधलं गायन बसवणं ही कामं शाळेच्या मागोमाग आली. सहा वर्षं तिथे राहिलो. अजूनही जून उजाडला की कुणी नवा शिक्षक, दवाखान्यात येणारी सिस्टर किंवा फादर होण्याचं शिक्षण घेताना सेमिनरीतून वर्षभरासाठी पाठवलेला ब्रदर फोन करतो आणि विचारतो, "सर, तिकडे आठवडा कसा असतो?" फोनवर ते पुरतं सांगून होत नाही, म्हणून लिहितोय.

आधी जागा समजून घ्या. वसईच्या पश्चिम पट्ट्यात घरातून निघालं की दहा मिनिटांत चर्च येतं. इथे एका धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, पंधरा-वीस गावं आणि त्यांच्या वस्त्या असतात. मधोमध एक आवार असतं. त्यात चर्च, फादरांचं घर, सिस्टरांचं कॉन्व्हेंट, दवाखाना, शाळा, बोर्डिंग. या सगळ्याला मिळून लोक 'मिशन' म्हणतात. "मिशनात चाललोय" म्हणजे औषधाला, दाखल्याला की मिस्साला (चर्चमधल्या मुख्य उपासनेला), हे संदर्भाने ओळखायचं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून जर्मन आणि स्विस जेझुइट संघाचे फादर या भागात गावोगाव फिरले. नाशिक धर्मप्रांत (बिशपांच्या देखरेखीखालचा चर्चचा विभाग) १९८७ साली पुण्यापासून वेगळा झाला. पण गावागावांतला विश्वास टिकवला तो गावातच राहणाऱ्या प्रचारकांनी. लोक त्यांना 'मास्तर' म्हणत. आजही एखाद्या वस्तीत नव्वदीतले बाबा सांगतात, "आमच्या मास्तरांनी आम्हाला 'नमो मारिया' शिकवली, तेव्हा फादर महिन्यातून एकदा घोड्यावर यायचे." पहिल्या आठवड्यात फादरांच्या खालोखाल कुणाला भेटायचं असेल, तर जुन्या मास्तरांच्या घरातल्या माणसांना भेटा.

इथला आठवडा पाण्यावर चालतो. हा प्रवरेच्या कालव्यांचा मुलूख आहे. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पूर्ण झालं आणि उसाने गावांचं वेळापत्रक बदललं. आवर्तन सुटलं की ज्याची पाळी तो शेतात, मग रविवार असो की सण. मोटारीला वीज बहुतेक वेळा रात्रीची. मी पहिल्या महिन्यात शनिवारी संध्याकाळी सहाला गायनाचा सराव ठेवला. दोन शनिवार बोर्डिंगातली मुलं सोडून कुणी आलं नाही. मला वाटलं, आस्था कमी आहे. तिसऱ्या शनिवारी एका घरी विचारायला गेलो, तर घरातला मुलगा बांधावर बॅटरी घेऊन उभा आणि त्याची आई जनावरांचं आवरत होती. तिने मला चहा दिला आणि शांतपणे सांगितलं, "सर, रविवारी मिस्सा झाली की सगळे तिथेच असतात की." त्या दिवसापासून सराव मिस्सानंतर चर्चमध्येच, अर्धा तास. पुढची सहा वर्षं तो कधी ओस पडला नाही. कोणताही कार्यक्रम ठरवण्याआधी बाजाराचा वार, पाण्याची पाळी आणि विजेची वेळ या तीन गोष्टी विचारा.

गायनाबद्दल थोडं अधिक लिहितो, कारण तिथेच मी सर्वांत जास्त शिकलो. गिटारवर चार भागांतलं गायन बसवायचं माझ्या डोक्यात होतं. पहिल्या रविवारी मी आणि पाच मुली गात होतो, बाकीचं चर्च ऐकत होतं. दुसऱ्या संध्याकाळी एका वस्तीवर प्रार्थनेला गेलो. तिथे पेटी, तबला, टाळ आणि एका आजोबांचा पहाडी आवाज. ते एक ओळ म्हणत आणि पन्नास माणसं ती उचलून धरत. अभंगाच्या चालीत येशूच्या दुःखसहनाचं भजन चाललं होतं. माझ्या शेजारच्या बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यांचा टाळ मात्र चुकत नव्हता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२ ते १९६५) उपासना लोकांच्या भाषेत आणण्याचं दार उघडलं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. लोकांच्या भाषेत लोकांची चालही येते, हे त्या ओसरीवर कळलं. मी त्या आजोबांकडे पेटी शिकलो. मिस्सेत प्रवेशगीत आणि अर्पणगीत भजनाच्या चालीवर घ्यायला लागलो, आणि चर्च गाऊ लागलं. नव्याने येणाऱ्याने पहिले दोन महिने फक्त साथीला बसावं, असं माझं ठाम मत आहे.

रविवारची मिस्सा सकाळी आठ-साडेआठला. लांबच्या वस्त्यांवरचे लोक मोटारसायकलवर, टेम्पोत किंवा चालत येतात. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला, लहान मुलं पुढे सतरंजीवर. वाचनं वाचणाऱ्यांची यादी शुक्रवारपर्यंत ठरवा आणि वाचकाला उतारा आदल्या दिवशी हातात द्या. रविवारच्या वाचनांचं चक्र तीन वर्षांचं असतं: मत्तय, मार्क आणि लूक यांच्या शुभवर्तमानांची एकेक वर्ष पाळी. यंदा कोणतं वर्ष हे न बघता पान उघडलं की गडबड होते. मिस्सानंतर सूचना, मग धर्मशिक्षण. साधारण तिसरी-चौथीतल्या मुलांची पहिल्या कम्युनियनची, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर पहिल्यांदा घेण्याची, तयारी याच वेळेत होते. मुलं हुशार आहेत, पण पाठांतरावर सोडू नका. दाखला शेतातला द्या. पेरणाऱ्याचा दृष्टान्त त्यांना माझ्यापेक्षा चांगला कळत होता. खडकावर बी का जळतं, हे एका चौथीतल्या मुलीने मला जमिनीचा थर किती असतो इथपासून सांगितलं.

सोमवार ते शनिवार सकाळची मिस्सा लवकर होते. तिला सिस्टर, बोर्डिंगातली मुलं आणि जवळची काही म्हातारी माणसं असतात. खरा आठवडा संध्याकाळी सुरू होतो. जपमाळेची रहस्यं, म्हणजे जप करताना मनात धरायचे येशू आणि मारियेच्या जीवनातले प्रसंग, वारांनुसार बदलतात: सोमवार-शनिवारी आनंदाची, मंगळवार-शुक्रवारी दुःखाची, बुधवार-रविवारी गौरवाची आणि गुरुवारी प्रकाशाची. गुरुवारची ही रहस्यं पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ साली घातली. काही आजी अजून जुनाच क्रम धरतात. त्यांना मध्येच टोकू नका. ऑक्टोबरभर जपमाळ घरोघरी फिरते, एका रात्री एक घर. शेवटी बत्तासे नाहीतर गूळ-शेंगदाणे वाटतात. त्या महिन्यात तुम्हाला प्रत्येक घर आतून दिसतं. कुणाकडे आजारी माणूस आहे, कुणाचं लग्न अडलंय, कुणाचा मुलगा पुण्याला कंपनीत गेलाय. वर्षभराची मैत्री त्या एका महिन्यात होते, म्हणून ऑक्टोबरात सुट्टी काढू नका.

वस्तीवरच्या मिस्सेला शेजारपाजारचे सगळे येतात, हिंदू कुटुंबंही. ते चप्पल काढून, डोक्यावर पदर घेऊन बसतात. कम्युनियनच्या वेळी त्यांना तो प्रसाद वाटतो, आणि प्रसाद नाकारणं आपल्याकडे कुणालाच जमत नाही. म्हणून रांगेत कुणी अडखळेपर्यंत थांबू नका. आधीच दोन वाक्यांत मायेने सांगा: ज्यांचा बाप्तिस्मा झालेला नाही त्यांनी कम्युनियन न घेता हात जोडून यावं, फादर आशीर्वाद देतील. मिस्सानंतरचा प्रसाद मात्र सगळ्यांचा. यात कुणी दुखावलं गेल्याचं मी पाहिलं नाही. न सांगितल्याने अवघडलेली माणसं मात्र पाहिली आहेत.

राखेच्या बुधवारी ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो. तेव्हापासून दर शुक्रवारी क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या दुःखसहनाच्या प्रसंगांची प्रार्थना, चौदा स्थानं. हे ऊसतोडीचे आणि उन्हाचे दिवस असतात, म्हणून ती दिवस मावळल्यावर ठेवतात. कपाळाला लावायची राख मागच्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या (ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या) झावळ्यांची. त्या घरोघरी देव्हाऱ्याजवळ खोचलेल्या असतात, आठवडाभर आधी मुलांना गोळा करायला पाठवा. सप्टेंबरात हरेगावची मतमाउलीची, म्हणजे मारियामातेची, यात्रा. तेव्हा कोणतंच वेळापत्रक चालत नाही आणि चालवूही नये. पायी निघणाऱ्या दिंडीबरोबर एकदा तरी चाला.

ऑफिसात बसायची वेळ आली तर नोंदवह्यांना जपा. बाप्तिस्म्याच्या नोंदीसमोर पुढे दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा एक संस्कार) आणि लग्नाचीही नोंद होते, म्हणजे एका ओळीत माणसाचं आयुष्य असतं. वहीत 'अंतोन', आधार कार्डावर 'अंथोनी' आणि शाळेच्या दाखल्यावर 'अनिल' असा एकच माणूस समोर उभा राहतो. घाई न करता आईवडिलांची नावं, गाव आणि तारीख जुळवा. वहीतलं मूळ नाव स्वतःहून कधी बदलू नका, फादरांना विचारा.

आणि मिस्साची पेटी स्वतः भरा, निघण्याआधी उघडून बघा. चषक, थाळी, ओस्त्या (कम्युनियनच्या पातळ भाकरी), द्राक्षारस, पाणी, वाचनांचं पुस्तक, मेणबत्त्या, काडेपेटी, पावसाळ्यात प्लास्टिकची पिशवी. पहिल्याच पावसाळ्यात मी नऊ किलोमीटरवरच्या वस्तीवर पोहोचलो आणि द्राक्षारसाची बाटली मिशनातच राहिल्याचं कळलं. त्याशिवाय मिस्सा होत नाही. फादर काही बोलले नाहीत, त्यांनी मोटारसायकलची किल्ली माझ्या हातात दिली. रस्ता चिखलाचा, वर पाऊस. परत यायला साडेनऊ वाजले. दिवसभर खुरपणी करून आलेली माणसं कंटाळून गेली असतील, असं मनात धरूनच मी वळण घेतलं. लांबूनच टाळ ऐकू आले. ओसरी भरलेली होती, लहान मुलं मांडीवर झोपली होती, आणि आजोबांनी पेटीवर पुढचं भजन धरलं होतं.